आईच्या ११ मिलिमीटरच्या गाठीला लेझर चालेल का?

पत्र : माझ्या आईचं वय ६३. गेल्या महिन्यात मॅमोग्राफीत तिच्या उजव्या स्तनात बारीक गाठ दिसली. हाताला लागत नाही. बायप्सीचा रिपोर्ट असा : इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड १, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, के-आय-६७ आठ टक्के. सोनोग्राफीत गाठ ११ मिलिमीटर, काखेत काही नाही. आईला दहा वर्षं मधुमेह आहे. सर्जननी गाठ काढायला सांगितली. पण शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या भावाने कळवलं की तिकडे अशा लहान गाठी लेझरने जाळतात, चिरफाड करत नाहीत. त्यातच इथल्या एका क्लिनिकची जाहिरात आली : ‘स्तनातील गाठ लेझरने विरघळवा. टाके नाहीत, भूल नाही, त्याच दिवशी घरी.’ तेव्हापासून आई ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. भूल दिली की आपण उठणारच नाही, असं तिच्या मनाने घेतलंय. लेझर करावं का? आणि हे ठरवण्यात वेळ गेला तर आजार वाढेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण ती धास्ती मनात असली की बाकीचं नीट वाचून होत नाही. आईंची गाठ म्हणजे दुग्धनलिकेत सुरू झालेला कर्करोग. पण ग्रेड १ (पेशी कमी बिघडलेल्या), ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी) आणि के-आय-६७ (विभागत असलेल्या पेशींचं प्रमाण) कमी असलेली गाठ सावकाश वाढणारी असते. डॉक्टर निवडणं, दुसरं मत घेणं, साखर आटोक्यात आणणं यात तीन-चार आठवडे गेले तर आईंचं नुकसान होत नाही. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत सहा महिने मात्र घालवू नका.

आता लेझर. आमचं मत असं की आईंच्या गाठीसाठी लेझर करू नये, गाठ शस्त्रक्रियेने काढून घ्यावी. लेझरने गाठ मरत नाही म्हणून हे सांगत नाही. बऱ्याचदा मरते. पण ती पूर्ण मेली का आणि पुढचे उपचार किती कमी करता येतील, हे सांगणारा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट लेझरनंतर हातात येत नाही. आईंची गाठ ज्या प्रकारची आहे, त्या प्रकारात तोच रिपोर्ट सगळ्यांत मोलाचा.

तुमच्या भावाने कळवलं ते हवेतलं नाही. गाठीत बारीक तंतू घालून ती लेझरने आतून तापवायची, ही कल्पना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे स्टीफन बाऊन यांनी १९८३मध्ये मांडली. स्तनाच्या लहान कर्करोगावर ती सर्वांत चिकाटीने वापरून पाहिली शिकागोच्या रश विद्यापीठाच्या रुग्णालयातले सर्जन कंबिझ दौलतशाही यांनी. त्यांच्या पद्धतीवरून पुढे नोव्हिलेझ नावाचं उपकरण तयार झालं. पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, ते उपकरण मंजूर केलं ते फायब्रोॲडेनोमासाठी, म्हणजे कर्करोग नसलेल्या साध्या गाठीसाठी. कर्करोगावर ते चाचण्यांमधून वापरलं गेलं. ‘तिकडे करतात’ यातला हा भाग फोनवरच्या बोलण्यात सहसा गळून जातो.

पद्धत कशी असते ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठे बिनसतं तेही आपोआप कळेल. बाई जागी असते. स्तनाच्या त्या भागापुरती भूल दिली जाते. सोनोग्राफीत किंवा स्टीरिओटॅक्टिक (दोन कोनांतून जागा धरणाऱ्या) मॅमोग्राफीच्या टेबलावर गाठीचा बरोबर मध्य धरून एक पोकळ सुई आत घालतात. तिच्यातून लेझरचा तंतू गाठीच्या मध्यापर्यंत जातो. शेजारी, साधारण एक सेंटीमीटरवर, तिला समांतर दुसरी सुई असते. तिच्यावर तापमान मोजणारे सेन्सर ओळीने बसवलेले असतात. मग डोळ्यांना न दिसणारा, सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. तो पेशींमध्ये शिरून उष्णता होतो आणि ती उष्णता मध्याकडून कडेला पसरते. कडेच्या सेन्सरवर ६० अंश सेल्सिअस दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. ६० अंशांना पेशीतली प्रथिनं तत्काळ गोठतात आणि पेशी परत सावरत नाही. सगळं मिळून साधारण अर्ध्या तासाचं काम. नंतर कलर डॉप्लर लावून बघतात की त्या भागातला रक्तप्रवाह थांबला का.

इथली पहिली अडचण उष्णतेचीच. तवा फार तापला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसंच इथे होतं. तंतूच्या टोकापाशी तापमान शंभराच्या वर गेलं की पाण्याची वाफ होते आणि पेशी कोळशासारख्या काळ्या पडतात. हा काळा थर सगळा प्रकाश स्वतःच शोषतो, पुढे जाऊ देत नाही. टोक आणखी तापतं आणि कड थंडच राहते. म्हणून तंतूच्या टोकाशी सलाइनची संथ धार सोडून ते गार ठेवावं लागतं. दुसरी सुई, म्हणजे कडेचं तापमान मोजणारी, इतकी महत्त्वाची का तेही यावरूनच कळेल. ‘इतके वॅट, इतकी मिनिटं’ एवढ्यावर लेझर चालवणारा कड खरंच ६० अंशांना पोचली की नाही हे सांगूच शकत नाही. स्तनात चरबी किती, दाट ग्रंथी किती, जवळून रक्तवाहिनी जाते का, यावर उष्णता पसरण्याचा वेग बदलतो. जवळची मोठी रक्तवाहिनी उष्णता वाहून नेते आणि नेमकी त्या बाजूची कड कोमट राहते.

दुसरी अडचण मापाची. ११ मिलिमीटरची गाठ गोल धरली तर तिचं आकारमान जेमतेम ०.७ घन सेंटीमीटर. पण नुसती गाठ जाळून भागत नाही, भोवतालची निरोगी दिसणारी किनारही मारावी लागते. त्यासाठी अडीच सेंटीमीटर व्यासाचा गोळा जाळायचा म्हटलं तर ते झालं ८ घन सेंटीमीटरच्या वर, म्हणजे गाठीच्या जवळजवळ बारा पट. सुई बरोबर मध्यात असेल तर चारी बाजूंनी ७ मिलिमीटर किनार मिळते. सुई फक्त ४ मिलिमीटर सरकली तर एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिलिमीटर उरते. आणि सुई सरकायला कारणं बरीच. बायप्सीनंतर आत रक्त साकळलेलं असतं, त्यामुळे सोनोग्राफीत गाठीची कड धूसर दिसते. स्तन मऊ, सुई ढकलताना गाठच बाजूला होते. गाठ दोन सेंटीमीटरची असली तर चुकीला जागाच उरत नाही, म्हणून बहुतेक चाचण्यांनी दोन सेंटीमीटर किंवा त्याहून कमी ही मर्यादा ठेवली.

त्वचेची काळजी वेगळीच. गाठ त्वचेपासून सेंटीमीटरभरही खोल नसेल तर त्वचा भाजू शकते. मधे सलाइन टोचून त्वचा वर उचलतात, पण कमी चरबीच्या स्तनात तेवढी जागा मिळतेच असं नाही.

तिसरी अडचण आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. डक्टल कर्करोगाच्या भोवती दुग्धनलिकांमध्ये पुष्कळदा डीसीआयएस, म्हणजे नलिकेतच राहिलेला कर्करोग, पसरलेला असतो. सोनोग्राफीत तो सहसा दिसत नाही. मॅमोग्राफीत कधी कधी पांढरे ठिपके दिसतात, कधी तेही नाही. सोनोग्राफीत जे ११ मिलिमीटर दिसतं तेवढ्यावर नेम धरला, तर नलिकेतून दोन सेंटीमीटर पुढे गेलेला भाग जागच्या जागी राहतो. लोब्युलर, म्हणजे दूध बनवणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या, प्रकारात तर गाठीची हद्दच पुसट असते. म्हणून चाचण्यांमध्ये आधी एमआरआय करून गाठ एकच आहे आणि आजूबाजूला काही नाही याची खात्री करून घेतात.

हे सगळं नीट पाळूनही काय हाती लागलं ते बघा. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. गाठी २० मिलिमीटरपर्यंतच्या, बायका ६१. लेझर केलं, मग एमआरआय, मग शस्त्रक्रियेने तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. ५१ जणींमध्ये, म्हणजे ८४ टक्क्यांमध्ये, गाठ पूर्ण मेलेली होती. उरलेल्या १० जणींमध्ये कर्करोग शिल्लक होता. आणि एमआरआयने ‘काही उरलं नाही’ म्हटलं, त्या दर शंभर जणींमागे सुमारे आठ जणींमध्ये तरीही काहीतरी उरलेलं निघालं. ही कामगिरी निवडलेल्या रुग्णांवरची आणि सरावलेल्या हातांची. ज्या सर्जनांनी हे केलं त्यांचं श्रेय कमी नाही. त्यांनी गाठ नंतर काढून तपासली म्हणून तर हा आकडा आपल्याला कळला. जाहिरातीतलं क्लिनिक नंतर काढून तपासणार नाही. तिथे तुमच्या आई ५१ जणींमध्ये की १० जणींमध्ये, हे कळायला काही वर्षं जावी लागतील.

आता त्या रिपोर्टकडे येऊ. गाठ काढली की पॅथॉलॉजिस्ट तिचं खरं माप घेतो, कडांना शाई लावून शाईपर्यंत कर्करोग पोचला आहे का बघतो, भोवती डीसीआयएस किती, रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्यात का, ग्रेड खरंच १ आहे का, हे सगळं लिहितो. बायप्सीत गाठीचे चार-सहा दोरे हाती येतात, त्यावरून ग्रेड ठरवलेला असतो. पूर्ण गाठीत तो कधी कधी बदलतो. लेझरनंतर गाठ शिजलेली असते, तिच्यातून यातलं काहीही परत मिळत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण आईंना पुढे रेडिएशन टाळता येईल का, हा प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे. २०२३मध्ये कॅनडातल्या लुमिना अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५५ वर्षं किंवा जास्त वय, गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत, काखेत काही नाही, ग्रेड १ किंवा २, ईआर-पीआर या दोन्ही हार्मोन-खुणा पॉझिटिव्ह, वाढीला जोर देणारं हर-टू प्रथिन निगेटिव्ह, के-आय-६७ १३.२५ टक्के किंवा कमी, अशा ५०० बायकांची गाठ काढून हार्मोन रोखणारी गोळी दिली आणि रेडिएशन दिलं नाही. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार परतला तो २.३ टक्के जणींमध्ये. आईंचा रिपोर्ट या चौकटीत बसतो असं दिसतं. पण त्या अभ्यासात आणखी एक अट होती : काढलेल्या गाठीच्या कडेला किमान १ मिलिमीटर निरोगी भाग हवा. ती अट पूर्ण झाली की नाही, हे शस्त्रक्रियेनंतरच कळतं. म्हणजे लेझर करून दोन टाके वाचवायचे आणि कड माहीत नाही म्हणून स्तनाला रेडिएशन घ्यायचं, असा उलटा व्यवहार होईल. शिवाय लुमिनामध्ये काखेतली सेंटिनेल गाठही, म्हणजे कर्करोग काखेत पसरला तर आधी जिथे पोचतो ती लसिकाग्रंथी, तपासलेली होती, हे ऑन्कोलॉजिस्टशी बोलताना ध्यानात ठेवा.

काखेचंही बघा. जाहिरातीत काखेचा उल्लेख नसतो, पण स्तनातली गाठ जाळल्याने काखेबद्दल काहीच कळत नाही. इटलीतून चालवलेल्या साउंड अभ्यासात गाठ दोन सेंटीमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी नॉर्मल असेल, तर सेंटिनेल गाठ न काढताही पाच वर्षांचे निकाल तितकेच चांगले आले. तो निकालही २०२३चा. पण त्यातल्या बहुतेक बायकांनी रेडिएशन घेतलं होतं. म्हणून रेडिएशन आणि काखेची तपासणी दोन्ही एकदम सोडायचं असेल, तर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनी एकत्र बसून तसं लिहून द्यावं. एकेकट्याच्या तोंडी शब्दावर ते ठरवू नका. रेडिएशन लागलंच तर आता ते पाच आठवड्यांचं नसतं. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासानंतर एकूण २६ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), पाच वेळांत, एका आठवड्यात, हे वेळापत्रक भारतातही बऱ्याच ठिकाणी वापरतात.

मग शस्त्रक्रिया नेमकी कशी करून घ्यायची? स्तन काढायचा नाही, फक्त गाठ आणि भोवतीची किनार. साधारण तासाचं काम. पण गाठ हाताला लागत नाही, आणि इथेच लहान ठिकाणी घोळ होतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोनोग्राफीत किंवा मॅमोग्राफीत बघून गाठीत बारीक आकडेदार तार बसवतात, तिच्या मागोमाग सर्जन गाठीपर्यंत पोचतो. ही सोय नसेल आणि रेडिओलॉजिस्ट त्वचेवर नुसतं पेनाने खूण करून देणार असेल, तर ती खूण हात बाजूला पसरून, ऑपरेशन टेबलावर जशी झोपवतात तशीच झोपवून करायला हवी. हात खाली ठेवून केलेली खूण हात पसरला की दोन-तीन सेंटीमीटर सरकते, आणि मग गाठ आतच राहून शेजारचा भाग निघतो. काढलेला तुकडा थिएटरमधूनच एक्स-रेला किंवा सोनोग्राफीला पाठवून ‘गाठ आत आहे, कड सुटली आहे’ असं उत्तर येईपर्यंत टाके घालू नयेत. तुमच्या सर्जनना हे तीन प्रश्न सरळ विचारा : तार बसवणार का, तुकड्याचा फोटो काढणार का, कडांना दोऱ्यांनी खुणा करणार का. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

आता एक अगदी बारीक पण मोठी गोष्ट. आपल्याकडे तुकडा बरणीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात, ‘लॅबला नेऊन द्या’ म्हणून. बरणी रुंद तोंडाची हवी, त्यात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहा पट तरी हवं, आणि तुकडा काढल्यापासून तासाभरात त्यात पडायला हवा. सलाइनमध्ये नको, फ्रिजमध्ये नको, चिंचोळ्या बाटलीत कोंबून तर नकोच. फॉर्मॅलिन तुकड्यात फार हळू शिरतं, तासाला साधारण मिलिमीटरभर. त्यामुळे पॅथॉलॉजिस्टने त्याच दिवशी कडांना शाई लावून तुकड्याचे काप करणं चांगलं. शनिवारी ऑपरेशन झालं आणि लॅब सोमवारी उघडली, तर मधला भाग सडतो आणि ईआर, हर-टूचे निकाल खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. म्हणून शनिवार आणि सणाच्या आदला दिवस ऑपरेशनसाठी टाळा. अर्जावर ‘आखूड दोरा वर, लांब दोरा बाहेर’ अशी नोंद आहे का ते बरणी घेण्याआधी वाचून घ्या.

आणखी एक विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरिअलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या अकरा केंद्रांवर सुमारे सोळाशे बायकांचा अभ्यास झाला, तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. चिरा घेण्याआधी ७ ते १० मिनिटं, गाठीच्या भोवती सगळ्या बाजूंनी जागा बधिर करणाऱ्या ०.५ टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के होतं, न दिलेल्या गटात ८६.४. अभ्यासाच्या रचनेवर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि आईंच्या गाठीचा धोका मुळातच कमी असल्याने फायदाही त्या मानाने कमीच असेल. तरी औषध साधं, खर्च नगण्य, त्रास जवळजवळ नाही. सर्जनना विचारायला काय हरकत? फक्त सुई गाठीत न शिरता गाठीभोवती हवी, आणि टाके घालताना जखमेत देतात ते इंजेक्शन म्हणजे हे नव्हे.

भुलेच्या भीतीबद्दल. एवढी गाठ पूर्ण भूल न देताही काढता येते : जागेपुरती भूल आणि शिरेतून गुंगीचं हलकं औषध. काखेतली गाठ काढायची असेल तर पूर्ण भूल जास्त सोयीची, पण तीही तासाभराची. आईंना ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी भूलतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटवा. सर्जनने दिलेला दिलासा आणि भूल देणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला दिलासा यात आईंच्या दृष्टीने फरक असतो. त्या भेटीत मधुमेहाच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असलेली गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर साखर वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. ही गोळी कॉम्बिनेशनच्या पाकिटात दडलेली असते, म्हणून नाव तोंडी सांगू नका, पाकीटच दाखवा. बंद करण्याच्या दिवसांत दुसरं काय घ्यायचं तेही त्याच भेटीत लिहून घ्या. ऑपरेशनच्या सकाळी साखर १८०च्या आत असली तर जखम भरायला त्रास होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच भेटा, कारण मंजुरी आधी लागते.

चिरफाड न करता गाठ मारण्याचा मार्ग कुणासाठीच नाही का? आहे. आणि त्यात लेझरपेक्षा गोठवण्याची पद्धत पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या आइस-थ्री अभ्यासात ६० वर्षांपुढच्या, दीड सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी असलेल्या १९४ बायकांची गाठ थंड सुईने गोठवून आतच ठेवली. पाच वर्षांत ४.३ टक्के जणींमध्ये त्याच स्तनात आजार परतला. त्या आधारावर ऑक्टोबर २०२५मध्ये एफडीएने ७० वर्षं आणि पुढच्या बायकांसाठी, दीड सेंटीमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या गाठीला, हार्मोनच्या गोळीसोबत, ही पद्धत मान्य केली. जपानमध्ये रेडिओलहरींनी तापवण्याची पद्धत २०२३पासून विम्यात आहे, तीही दीड सेंटीमीटरपर्यंतच्या एकट्या गाठीसाठी, आणि तिच्यानंतर रेडिएशन देतातच. ज्या आजींचं हृदय इतकं कमजोर आहे की भूलतज्ज्ञ नाहीच म्हणतो, त्यांच्यासाठी हा विचार रास्त आहे. तुमच्या आई त्यांतल्या नाहीत.

जाहिरातीतल्या क्लिनिकला तरी फोन करणारच असाल, तर त्यांना इतकंच विचारा : कोणतं उपकरण, ते कर्करोगासाठी मंजूर आहे की साध्या गाठीसाठी, कडेचं तापमान कशाने मोजता, आधी आणि नंतर एमआरआय करता का, काखेचं काय, आणि गाठ उरली तर पुढचा खर्च कोण करणार. पुष्कळदा कळतं की ‘लेझर’ म्हणजे प्रत्यक्षात व्हॅक्यूमच्या सुईने फायब्रोॲडेनोमा काढणं. साध्या गाठीला ते उत्तम आहे. कर्करोगाची गाठ त्याने तुकड्यातुकड्यांत निघते आणि कड कळत नाही. ‘विरघळवा’ हा शब्दही फसवा. जळलेली किंवा गोठवलेली गाठ विरघळत नाही. मेलेल्या चरबीचा कडक गोळा होतो, महिनोन्‌महिने हाताला लागतो, कधी त्यात तेलाची पुटकुळी धरते, कधी कॅल्शियम साचतं. पुढच्या प्रत्येक मॅमोग्राफीत ‘हा जुना व्रण की परतलेला आजार’ हा प्रश्न उभा राहतो आणि आणखी बायप्स्या होतात. आज आईंची गाठ हाताला लागत नाही. लेझरनंतर रोज लागेल.

एवढं सांगूनही आई ऑपरेशनला नाहीच म्हणाल्या तर? त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांच्या नकळत तारीखही घेऊ नका. गाठ ईआर पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे काही काळ लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची रोजची गोळी गाठीला आवर घालू शकते. हा शस्त्रक्रियेच्या तोडीचा उपाय नाही, पण लेझरपेक्षा जास्त पारखलेला आहे, आणि मन तयार व्हायला अवधी देतो. ऑन्कोलॉजिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करायचं, आणि आधी दोन कामं. गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्या, कारण गोळीने गाठ आकसली तर नंतर ती सापडणार नाही. आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, कारण लेट्रोझोल हाडं झिजवतं. मग दर तीन महिन्यांनी त्याच रेडिओलॉजिस्टकडे, त्याच यंत्रावर सोनोग्राफी. दरवेळी तीनही दिशांची मापं लिहून घ्या. ११ची गाठ १३ची झाली किंवा काखेत काही दिसलं, तर त्याच आठवड्यात सर्जनकडे जायचं, हे आईंकडून आजच कबूल करून घ्या.